बिनतळाचा पिरॅमिड तंबू : स्वस्त आणि हलका निवारा कसा निवडायचा?

मोबाईलवर कॅम्पिंगचे व्हिडिओ बघता बघता तुम्हालाही तो तंबू दिसलाच असेल. मधोमध एकच काठी, चारी बाजूंनी उतरतं कापड, आणि आत खाली काहीच नाही, सरळ जमीन. इंग्रजी व्हिडिओवाले त्याला लाडाने नुसतं 'मिड' म्हणतात. वजन अर्धा-पाऊण किलो, घडी केली तर पाण्याच्या बाटलीएवढी. बघून वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल.

मी आर्वीचा. आमच्याकडे अशा निवाऱ्याचा उपयोग फक्त ट्रेकिंगपुरता नाही. तूर-हरभरा उभा असला की रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्रीची जागल करावी लागते. त्यामुळे वावरात झोपायला हलका, पटकन उभा होणारा निवारा इकडच्या बऱ्याच तरुणांना हवाच असतो. कोणी चिखलदऱ्याला जातो, कोणी सुट्टीत सह्याद्रीत. प्रश्न सगळ्यांचा एकच : कमी पैशात, कमी वजनात, नेमकं काय घ्यायचं?

या लेखात आपण कापड, माप, वजन, काठी, खुंट्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'खाली तळ नाही' याचा विदर्भातल्या जमिनीवर काय अर्थ होतो, हे क्रमाने बघू. हिशेब सगळे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतील असे आहेत.

पिरॅमिड तंबू म्हणजे काय?

चार त्रिकोणी बाजू वर एका टोकाला जोडलेल्या. ते टोक एका काठीवर उचललं जातं आणि चार कोपरे खुंट्यांनी जमिनीला ताणले जातात. काठी ढकलते वर, खुंट्या ओढतात खाली, या ताणावरच सगळा तंबू उभा राहतो. डोम तंबूसारख्या वाकणाऱ्या कांड्या नाहीत, दुहेरी कापड नाही, शिवलेला तळ नाही. वजन वाचतं ते इथेच.

कल्पना नवी अजिबात नाही. अमेरिकेच्या सैन्यातल्या हेन्री सिबली यांनी १८५६ साली मधल्या एका खांबावर उभा राहणाऱ्या शंकूसारख्या तंबूचं पेटंट घेतलं होतं. अंटार्क्टिकावर आजही पिरॅमिडच्या आकाराचे तंबू वापरतात, फक्त त्यांना चार कोपऱ्यांत चार खांब असतात, कारण तिथला वारा तसा असतो. आणि आपल्याकडे? मराठी फौजांच्या राहुट्या होत्या, भटक्या समाजाची पालं होती. पाल म्हणजे बांबूवर टाकलेलं कापड, खाली जमीन. बिनतळाचा निवारा आपल्या ओळखीचाच आहे, फक्त कापड बदललं.

फायदे आणि तोटे, थोडक्यात

फायदे :
- त्याच जागेच्या डोम तंबूपेक्षा वजन बरंच कमी.
- उतरत्या बाजूंवरून वारा आणि पाऊस दोन्ही निसटतात.
- मध्यभागी उंची भरपूर, बसून कपडे बदलता येतात.
- चिखलाचे बूट, ओली सॅक सरळ आत ठेवता येते. तळ खराब व्हायचा प्रश्नच नाही.
- मोडायला कांड्या नाहीत. काठी मोडली तर दुसरी शोधता येते.

तोटे :
- खुंटी धरली नाही तर तंबू उभाच राहत नाही. खडकावर आणि सैल मातीवर त्रास.
- काठी बरोबर मध्ये येते.
- बाजू उतरत्या असल्यामुळे जमिनीवर दिसते तेवढी जागा झोपायला मिळत नाही.
- आतून दव जमतं.
- किडे, विंचू, साप यांना खालून वाट मोकळी. यावर पुढे सविस्तर.

पहिला हिशेब : माप किती हवं?

ऑनलाईन जाहिरातीत '२ व्यक्ती', '४ व्यक्ती' असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. तळाची लांबी आणि मधली उंची हे दोन आकडे बघा आणि स्वतः गणित करा.

माणूस झोपला की पायांची बोटं, डोकं आणि पांघरूण धरून साधारण ३० सेंटीमीटर उंची व्यापतो. म्हणून जमिनीवर किती जागा आहे यापेक्षा ३० सेंटीमीटर उंचीवर किती जागा उरते, ते महत्त्वाचं. सूत्र सोपं आहे : ३० सेंटीमीटरला मधल्या उंचीने भागा, उत्तर १ मधून वजा करा, आणि त्याला तळाच्या लांबीने गुणा.

समजा मधली उंची १.५ मीटर आहे. ०.३ भागिले १.५ म्हणजे ०.२. एकातून वजा केलं की ०.८. आता :

- तळ २.१ मीटर, म्हणजे साधारण ७ फूट : उपयोगी लांबी १.६८ मीटर
- तळ २.४ मीटर, म्हणजे साधारण ८ फूट : उपयोगी लांबी १.९२ मीटर
- तळ २.७ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट : उपयोगी लांबी २.१६ मीटर

साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाला पाय ताणून झोपायला दोन मीटर तरी लागतात. म्हणजे ७ फुटी तंबूत पाय किंवा डोकं ओल्या कापडाला लागणारच. ८ फुटी जेमतेम. ९ फुटी तंबूत काठीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे दोघं आरामात झोपतात, कारण ३० सेंटीमीटर उंचीवरही प्रत्येकाच्या वाट्याला १.०८ मीटर रुंदी येते आणि झोपायची मॅट साधारण ६० सेंटीमीटरच रुंद असते. एकटे असाल तर अर्धी जागा सामानाला.

मग अजून मोठा का घेऊ नये? कारण कापड वाढतं, वजन वाढतं, आणि तेवढी सपाट जागाही सापडावी लागते. ९ फूट तळ आणि १.५ मीटर उंची हे माप मला बहुतेकांसाठी योग्य वाटतं. पुढचे सगळे हिशेब त्यावरच केले आहेत.

दुसरा हिशेब : वजन किती होईल?

विक्रेत्याने लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवण्याआधी कापडाचं वजन स्वतः काढा. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते.

२.७ मीटर तळ आणि १.५ मीटर उंचीच्या पिरॅमिडच्या एका बाजूची तिरकी उंची साधारण २.०२ मीटर येते. चारही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे १०.९ चौरस मीटर. याला जीएसएमने गुणा :

- १२० जीएसएमची साधी प्लास्टिक ताडपत्री : सुमारे १,३०० ग्रॅम
- ७० जीएसएमचं पीयू लेप दिलेलं पॉलिएस्टर : सुमारे ७६० ग्रॅम
- ४८ जीएसएमचं सिलिकॉन लेपाचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर : सुमारे ५२० ग्रॅम
- २५ जीएसएमचं डायनीमा कंपोझिट : सुमारे २७० ग्रॅम

यात शिलाई, चेन, पट्ट्या आणि दोऱ्या धरून दहा-पंधरा टक्के वाढवा. आता एखादा विक्रेता ९ फुटी पॉलिएस्टर तंबू '४०० ग्रॅम' म्हणून विकत असेल, तर काहीतरी गडबड आहे हे तुम्हाला आपोआप कळेल. एक तर माप लहान आहे, नाहीतर आकडा खोटा आहे.

कापड कोणतं घ्यायचं?

*पीयू लेपाचं पॉलिएस्टर.* स्वस्त तंबूंमध्ये हेच असतं. जाहिरातीत '२१०टी' असं दिसतं. इथे 'टी' म्हणजे एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या. 'डी' वेगळं. डी म्हणजे डेनिअर, नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१०टी आणि २१०डी ही दोन वेगळी कापडं आहेत, २१०डी बरंच जाड आणि जड. पीयूचा फायदा असा की शिलाईवर कारखान्यातच टेप लावलेली मिळते. तोटा असा की ओलसर जागी घडी करून ठेवलं तर काही वर्षांत लेप चिकट होतो आणि वास मारायला लागतो. आपल्या पावसाळ्यात हे लवकर होतं.

*सिलिकॉन लेपाचं नायलॉन.* हलकं, मजबूत, फाटायला चिवट. पण नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. रात्री पाऊस आला की उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. शिलाईवर टेप चिकटत नाही, सिलिकॉन सीलंट लावावं लागतं.

*सिलिकॉन लेपाचं पॉलिएस्टर.* ओलं झालं तरी फारसं सैल पडत नाही, आणि उन्हातही नायलॉनपेक्षा बरं टिकतं. पैसे थोडे जास्त द्यायची तयारी असेल तर मी याच्याच बाजूने आहे. पिरॅमिडचा सगळा जीव ताणात असतो, त्यामुळे कापड सैल न पडणं ही मोठी गोष्ट आहे.

*डायनीमा कंपोझिट.* सगळ्यात हलकं, पाणी शोषत नाही, ताणत नाही. पण असे तंबू परदेशात शेकडो डॉलरला मिळतात आणि वर इथली कस्टम ड्युटी. 'परवडणारा' या शब्दात ते बसत नाहीत. सोडून द्या.

*प्लास्टिक ताडपत्री.* जड आहे, कडकड वाजते, पण कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळते. जागलीला उत्तम. पाठीवर घेऊन डोंगर चढायचा असेल तर नको.

कापड काहीही असो, विदर्भाच्या उन्हात तंबू दिवसभर उभा ठेवू नका. ऊन हा या पातळ कापडांचा मोठा शत्रू आहे. सकाळी वाळला की उतरवून ठेवा.

'वॉटरप्रूफ ३०००' म्हणजे काय?

कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवला तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी झिरपत नाही, तो हा आकडा. चाचणीत कापडाच्या तीन जागी पाणी दिसलं की तिथे थांबतात आणि ती उंची लिहितात. तंबूच्या छतासाठी १,५०० मिलिमीटर चालून जातं, २,००० ते ३,००० असेल तर निवांत. याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका, कारण पाणी बहुतेक वेळा कापडातून येतच नाही, शिलाईतून येतं. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा : "शिलाई सील केलेली आहे का?" नसेल तर सिलिकॉन लेपाच्या कापडाला हार्डवेअर दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट थोड्या मिनरल टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने शिलाईवर लावता येतं. हे काम मोकळ्या हवेत करा आणि पूर्ण दिवस वाळू द्या.

जमिनीवर अंथरायच्या कापडाला मात्र मोठा आकडा हवा. तुमच्या गुडघ्याखाली आणि कोपराखाली दाब जास्त येतो, आणि ओली जमीन तिथूनच वर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं : खाली तळ नाही

परदेशी व्हिडिओत सांगतात, 'तळाची गरज नाही, एक पातळ शीट टाका आणि झोपा.' ते थंड प्रदेशातल्या डोंगरांबद्दल बोलत असतात. आर्वी, कारंजा, सेलू या पट्ट्यात, किंबहुना महाराष्ट्रात जवळपास कुठेही, हा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

आपल्याकडे माणसांना सर्वाधिक धोका असलेले चार विषारी साप आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा फारसा दुखत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. माणूस झोपेतच राहतो, आणि जाग येते तेव्हा पापण्या जड झालेल्या असतात, पोटात दुखतं, श्वास घ्यायला त्रास होतो. वावरातल्या जागलीवर हा धोका खराखुरा आहे.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे : मच्छरदाणी. दक्षिण नेपाळमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की मच्छरदाणीत झोपल्याने सर्पदंशापासून संरक्षण मिळतं. अट एकच, जाळी चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचलेली हवी. कुठेही फट नको.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्याकडे बिनतळाचा तंबू घ्यायचा तर त्याच्या आत तळ शिवलेली जाळी हवीच. तिचे पैसे आणि वजन पहिल्यापासून हिशेबात धरा. तीन पर्याय :

१. तंबूसोबत मिळणारी अर्धी जाळी, म्हणजे काठीच्या एका बाजूला बसणारी. सोपी, पण स्वस्त तंबूंसोबत नेहमी मिळत नाही.

२. बाजारातली चेनवाली, तळ असलेली एकट्याची मच्छरदाणी. घेण्याआधी तिची लांबी आणि उंची वरच्या सूत्रात घालून बघा, तिरक्या कापडाला ती टेकायला नको.

३. गावातल्या शिंप्याकडून शिवून घेणं. तळ ७५ सेंटीमीटर बाय २१० सेंटीमीटर, चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर वर उचललेली कड, आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड. एवढ्या तळाला सुमारे अडीच चौरस मीटर कापड लागतं. ७० जीएसएम धरलं तर १७५ ग्रॅमच्या आसपास. वरच्या बाजूला एक दोरी शिवून ती तंबूच्या टोकाला बांधायची.

जाळीचा आणखी एक फायदा. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळले होते. तो आजार गवत-झुडपातल्या अगदी बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. त्यामुळे उंच गवतात तंबू लावू नका, आणि जाळी असली तरी उघड्या अंगाने गवतावर लोळू नका.

सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. बिनतळाच्या तंबूत बूट रात्रभर जमिनीवरच असतात, आणि विंचवाला तशी जागा आवडते. बूट जाळीच्या आत घेतले तर उत्तम.

आणि तरीही दंश झालाच किंवा नुसता संशय आला, तर बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, हालचाल कमी करा, १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात पोचा. आपल्याकडची सर्पदंशाची लस या चारही सापांच्या विषावर चालते, पण ती वेळेत मिळावी लागते. म्हणून जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे तंबू लावायचा असेल तर रेंज शेवटची कुठे होती ती जागा नकाशावर खूण करून ठेवा.

काठी आणि खुंट्या : इथे पैसे वाचतात, वजनही

१.५ मीटर उंचीसाठी एक ट्रेकिंग पोल बहुतेक वेळा कमी पडतो, कारण ते साधारण १.३ मीटरच्या आसपास संपतात. दोन पोल एकमेकांना पट्ट्याने बांधून उंची मिळवता येते. जागलीला किंवा गाडीने जाणार असाल तर बांबूच घ्या. आपल्याकडचा मानवेल बांबू भरीव आणि ताठ असतो. टोकावर जुन्या कापडाची गुंडाळी किंवा टेनिस बॉल बसवा, नाहीतर तंबूचं टोक फाटेल. खाली सपाट दगड किंवा फळी ठेवा, म्हणजे काठी काळ्या मातीत रुतणार नाही.

खुंट्यांचं गणित बघा. ६ मिलिमीटरची लोखंडी सळई मीटरला साधारण २२२ ग्रॅम भरते. वाकवलेल्या टोकासह ३० सेंटीमीटरची एक खुंटी म्हणजे ६७ ग्रॅम. चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य धरून आठ खुंट्या लागतात : ५३० ग्रॅम! म्हणजे हलक्या कापडाएवढंच वजन खुंट्यांचं झालं. तेवढ्याच मापाच्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या साधारण एक तृतीयांश, १८० ग्रॅमच्या आसपास भरतात. तंबू महाग घेण्याआधी खुंट्या बदला, सगळ्यात स्वस्तात वजन तिथेच कमी होतं.

माती कोणती, हेही बघा. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते आणि भेगाळते. भेगेच्या कडेला खुंटी ठोकू नका. पावसात तीच माती लोण्यासारखी होते, तेव्हा लांब आणि वाय आकाराच्या खुंट्या लागतात. खुंटी धरत नसेल तर दोरीला मोठा दगड बांधा, किंवा धुऱ्यावरची टणक जागा शोधा.

बजेटप्रमाणे काय घ्यायचं?

*अगदी कमी पैशात :* ३ मीटर बाय ३ मीटरची चौकोनी ताडपत्री घ्या. मागचे दोन कोपरे खुंटीने जमिनीला लावा. पुढच्या कडेच्या मध्यावर १.२ मीटरची काठी लावून ती कड उचला, आणि पुढचे दोन कोपरे काठीच्या दोन्ही बाजूंना जमिनीला ताणा. अर्धा पिरॅमिड तयार. १२० जीएसएमची असेल तर वजन १,०८० ग्रॅम. आधी हे दोन-तीन रात्री वापरून बघा. बिनतळाचं झोपणं आपल्याला झेपतं का, हे कमी खर्चात कळतं.

*शिवून घ्यायचा :* दीड मीटर पन्ह्याचं कापड साधारण साडेआठ मीटर लागेल. १.३५ मीटर बाय २.०२ मीटरचे चार आयत कापा, शिलाईसाठी कड वेगळी सोडा. प्रत्येक आयत कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोण मिळतात, आणि दोन त्रिकोण उभ्या कडेला जोडले की तंबूची एक बाजू. लक्षात ठेवायची गोष्ट : पीयूचा लेप कापडाच्या एकाच बाजूला असतो. म्हणून दोन आयत एका कर्णावर आणि दोन आयत विरुद्ध कर्णावर कापायला सांगा, म्हणजे जोडताना सगळीकडे लेप आतल्याच बाजूला येईल. कोपऱ्याची तिरकी शिलाई २.४३ मीटर भरली पाहिजे, ती मोजून माप तपासा.

*तयार, मधल्या किमतीचा :* पीयू पॉलिएस्टरचा, टेप लावलेला, वर हवेची खिडकी असलेला. इंग्रजी लेखांत सुचवलेले बरेच स्वस्त चिनी तंबू अलीएक्सप्रेसवरचे असतात, आणि ते अॅप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. भारतातच साठा असलेला, परत करायची सोय असलेला विक्रेता निवडा.

खरेदीच्या आधी मोबाईलवर हे तपासा

- तळाची लांबी आणि उंची दिली आहे का? नसेल तर पुढे जा.
- वजन कशाचं आहे? फक्त कापडाचं, की खुंट्या आणि पिशवीसकट?
- जाळी सोबत आहे की वेगळी? आणि तिला तळ आहे का?
- वर झडप असलेली हवेची खिडकी आहे का?
- कोपऱ्यांच्या पट्ट्यांना ताण कमी-जास्त करायचं बकल आहे का?
- प्रत्येक बाजूच्या मधोमध बाहेरून दोरी बांधायला कडी आहे का? वाऱ्यात हीच कामी येते.
- ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. कंपनीच्या फोटोत कापड नेहमी ताठच असतं.

तंबू घरी आला की वजनकाट्यावर ठेवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत अंगणात उभा करून बघा. रात्री आतून टॉर्च लावली की बारीक भोकं लगेच दिसतात.

उभा कसा करायचा?

१. कंपास अॅपवर दिशा बघा. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.
२. लेव्हल अॅपने जमिनीचा उतार तपासा. पाणी साचेल अशी खोलगट जागा, नाल्याचा काठ आणि वाळलेल्या फांद्यांचं झाड टाळा. बाभळीचे काटे वेचून काढा.
३. दाराची चेन बंद करूनच चारही कोपरे ठोका. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन बरोबर. २.७ मीटर तळाला कर्ण ३.८२ मीटर. एका दोरीला तेवढ्यावर गाठ मारून ठेवा.
४. आत शिरून काठी उभी करा, हळूहळू ताण द्या.
५. बाजूंच्या मधल्या खुंट्या शेवटी.

सुकी रात्र असेल तर कापडाची खालची कड जमिनीपासून हातभर नको, पण चार बोटं वर राहू द्या, आणि वरची खिडकी उघडी ठेवा. हिवाळ्यात मोकळ्या आकाशाखाली कापड थंड होतं आणि तुमच्या श्वासातली वाफ त्यावर जमते. सकाळी दहिवर आत पडल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. हवा खेळती राहिली की ते कमी होतं, पूर्ण जात नाही. एक सुती फडकं जवळ ठेवा.

आत शेगडी किंवा चूल पेटवू नका. कापड वितळतंच, पण त्याहून वाईट म्हणजे बंद तंबूत कार्बन मोनॉक्साईड साचतो, आणि त्याला वास नसतो.

वीज आणि परवानगी

मोकळ्या वावरात धातूची काठी असलेला तंबू वीज अडवत नाही, उलट धोका वाढवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देतं. ते टाकून ठेवा. गडगडाट सुरू झाला की तंबू तिथेच सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. उन्हाळ्याआधीच्या अवकाळीत गारा येतात, पातळ कापड त्यांच्यासमोर टिकत नाही.

आणि जंगलाचं काय? आपल्या जिल्ह्यातला बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे, मेळघाटात किंवा कुठल्याही अभयारण्यात आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार प्रवेशालाच परवानगी लागते. वाघ-बिबट्याचा वावर प्रकल्पाच्या सीमेवर थांबत नाही, म्हणून जंगलालगतच्या वावरात एकट्याने, पातळ कापडात झोपू नका. तिथे मचाणच बरं. तंबूसाठी स्वतःची किंवा ओळखीची शेतजमीन, परवानगी असलेली कॅम्पिंगची जागा, नाहीतर गावकऱ्यांना विचारून मिळालेलं पटांगण, हे मार्ग आहेत.

थोडक्यात उत्तर

९ फूट तळ, १.५ मीटर उंची, टेप लावलेलं पीयू पॉलिएस्टर किंवा जमलं तर सिलिकॉन पॉलिएस्टर, वर हवेची खिडकी, आठ अॅल्युमिनियम खुंट्या, बांबू किंवा दोन ट्रेकिंग पोल, आणि आत तळ शिवलेली मच्छरदाणी. पैसे कमी पडत असतील तर यादीतली कुठलीही वस्तू स्वस्तातली चालेल. कापड जड घ्या, खुंट्या लोखंडी घ्या, काठी शेतातली घ्या. जाळी मात्र पहिल्याच दिवशी घ्या.

माहिती उपयोगाची वाटली तर जागलीला जाणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.